रस्ता उखडायच्या आधीच त्याच्यावर पैसे का घालायचे? कोल्हापूरच्या रस्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगल्या रस्त्यावर खर्च कशाला? आमच्या गल्लीत गुडघाभर खड्डे आहेत, तिथं आधी करा की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रागानं विचारला जातो. राग बरोबर आहे, पण हिशेब उलटा आहे.

डांबरी रस्ता सरळ रेषेत म्हातारा होत नाही. पहिली बरीच वर्षं त्याला फारसं काही झालेलं दिसत नाही. रंग काळ्याचा करडा होतो, बारीक भेगा पडतात, कडेची खडी सुटायला लागते. गाडी मात्र सुरळीत जाते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. मग एक पावसाळा असा येतो की दोन-तीन महिन्यांत सगळं संपतं. रस्ते अभियंत्यांचा नेहमीचा ठोकताळा असा आहे: आयुष्याचा पाऊण भाग सरेपर्यंत रस्त्याचा दर्जा साधारण ४० टक्क्यांनी उतरतो आणि पुढचे ४० टक्के उरलेल्या आयुष्याच्या पहिल्या निम्म्यातच जातात. घसरण सुरू व्हायच्या आधी जे काम एका रुपयात होतं, त्याला नंतर सहा ते दहा रुपये लागतात, असंही सांगतात. रुपयांचे आकडे ठिकाणानुसार बदलतील, घसरणीचा आकार मात्र बदलत नाही.

आपल्या आजोबांना हे कळत होतं. मे महिन्यात कौलं चाळून घेणारा माणूस घर गळायची वाट बघत नव्हता. रस्त्याचा वरचा डांबरी थर म्हणजे ही कौलंच आहेत, खालच्या खडी-मुरमाला पाणी लागू न देणं हे त्याचं निम्मं काम.

आता तुमच्या गल्लीचं. ज्या रस्त्याचा पायाच गेला आहे, तो यंदा केला काय आणि दोन वर्षांनी केला काय, खर्च जवळपास तेवढाच येतो, कारण तो मुळापासूनच करायचा आहे. शेजारचा भेगा पडलेला रस्ता मात्र यंदा वाचला नाही, तर दोन वर्षांनी तोही मुळापासून करायच्या यादीत जाऊन बसतो. याचा अर्थ खराब रस्ते तसेच सोडायचे असा नाही. तिथले जीवघेणे खड्डे भरायलाच हवेत. पण सगळा पैसा तिथंच ओतला, तर खराब रस्त्यांची यादी कधीच संपत नाही. दरवर्षी तेवढीच लांब यादी नव्यानं तयार होते. कोल्हापुरात अनेक वर्षं हेच चाललं आहे.

रस्ता नेमका कशानं खराब होतो? डांबर कमी घालतात म्हणूनच ना?

डांबर कमी पडलं तर रस्ता लवकर सुटतो, हे खरं. पण कोल्हापुरात पहिला आरोपी पाणी आहे. इथं वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो.

जुलैत पाऊस थांबल्यावर दोन तासांनी एखाद्या जुन्या रस्त्यावर खाली बसून बघा. रस्ता वाळून करडा झालेला असतो, पण भेगा मात्र काळ्या, ओल्या राहिलेल्या असतात. एखादी केएमटी (महापालिकेची शहर बस) त्यावरून गेली की भेगेतून गढूळ पाणी वर येतं आणि वाळल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळ्या मातीची बारीक रेघ उरते. ती माती म्हणजे रस्त्याचा पाया. प्रत्येक चाकाबरोबर तो थोडाथोडा बाहेर येतोय. अशी रेघ दिसली की पुढच्या पावसात तिथं खड्डा पडणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

म्हणून रस्त्याच्या देखभालीत गटार पहिलं येतं. गटार तुंबलेलं, गटाराची कड रस्त्यापेक्षा उंच, मधे एखाद्यानं दारात घातलेला सिमेंटचा उतार, म्हणजे पाणी रस्त्यावरच मुक्काम करणार. आपल्याकडं थरावर थर चढवत गेल्यामुळं जुन्या पेठांत कितीतरी ठिकाणी रस्ता घराच्या जोत्याला टेकला आहे आणि उताराची दिशाच हरवली आहे. तिथं कितीही चांगलं डांबर घाला, दोन पावसाळ्यांत जाणार.

उसाच्या ट्रॉल्या आणि डंपर यांचं काय? त्यांनीच तर रस्ते खचतात.

खचतात, आणि आपल्या अंदाजापेक्षा फार जास्त खचतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांचे मुद्दाम बांधलेले नमुने घेऊन त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही वापरतात: आसावरचा (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार दुप्पट झाला तर नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होतं. म्हणजे दुचाकी आणि मोटारींमुळं रस्ता झिजतो म्हणणं जवळपास निरर्थक आहे. एका भरलेल्या ट्रकनं केलेलं नुकसान करायला हजारो मोटारी लागतील. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार टायरच्या एकेरी आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. ऐकायला वाढ थोडी वाटते, पण याच नियमानं नुकसान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. आणि हे मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांचं झालं.

उसाच्या बाबतीत वेळही वाईट जुळते. गळीत हंगाम पावसाळा संपल्या संपल्या सुरू होतो. रस्त्याचा पाया अजून ओलसर असतो, तोवर कसबा बावड्याच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस थांबवा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण ज्या मार्गानं ऊस जातो तो रस्ता गल्लीच्या जाडीचा करून चालणार नाही, आणि हंगामाआधी त्या मार्गाच्या भेगा भरणं हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायचं काम आहे.

नवा रस्ता झाला की लगेच पाईपसाठी उकरतात. हे थांबत का नाही?

कारण रस्ता करणारा विभाग वेगळा, पाण्याचा वेगळा, ड्रेनेजचा वेगळा, आणि गॅस, केबलवाले तर बाहेरचेच. प्रत्येकाच्या निधीचं वर्ष वेगळं, मंजुरी वेगळी. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं पाणी २०२३ मध्ये शहरात आलं. त्या योजनेची आणि केंद्राच्या अमृत योजनेतल्या जलवाहिन्यांची खुदाई शहरानं वर्षानुवर्षं सोसली. पाणी हवंच होतं. प्रश्न चर कसा भरला याचा आहे.

चर भरायची रीत सोपी आहे: उकरलेला चिखलमाती मिश्रित माल परत आत ढकलायचा नाही, चांगला मुरूम पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत घालायचा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसायचा, वर खडीचा थर, कडा सरळ कापून घ्यायच्या, मग डांबर. प्रत्यक्षात दिसतं ते असं: जेसीबीच्या बकेटनं माती लोटली, वरून चाक फिरवलं, पाऊस पडल्यावर चर वीतभर खाली बसला. मग त्या खळग्यात पाणी साठतं आणि चराच्या दोन्ही बाजूंचा धड असलेला रस्ताही जातो. नीट भरला तरी उकरलेला रस्ता पूर्वीइतका टिकत नाही, म्हणून खुदाई शुल्कात फक्त चराचा खर्च न धरता रस्त्याचं घटलेलं आयुष्यही धरायला हवं. आणि ते पैसे त्याच रस्त्यावर खर्च व्हायला हवेत, एकूण तिजोरीत जाऊन पगारात विरघळता कामा नयेत.

गणपतीच्या मंडपासाठी रस्त्यात खड्डे पाडतात, त्यानं फरक पडतो का?

पडतो. पहार मारून पाडलेलं भोक म्हणजे पाण्याला दिलेलं दार, तेही ऐन पावसाळ्यात. वाळूनं भरलेल्या पिंपात खांब उभा करता येतो आणि अनेक तालीम मंडळं तसं करतातही. ज्यांनी भोक पाडलं त्यांनी मंडप उतरल्यावर आठवड्यात ते डांबराच्या मालानं बुजवून घ्यावं. माती भरून भागत नाही.

पावसाळ्यात भरलेले खड्डे आठ दिवसांत परत का पडतात?

गरम डांबरी माल ओल्या, धुळीच्या पृष्ठभागाला चिकटत नाही. नेहमीच्या डांबराचा माल रस्त्यावर टाकताना किमान १४० अंश सेल्सिअस गरम असावा आणि ९० अंशांच्या खाली जायच्या आत रोलर फिरून व्हावा, असं सरकारी मानक सांगतं. प्लँटवरून निघालेला डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला, वर ताडपत्री नाही आणि पावसाची भुरभुर चालू आहे, तर खड्ड्यात पडतो तो जवळपास थंड झालेला दगडांचा ढीग.

पावसाळ्यासाठी पिशवीत मिळणारा थंड मिश्रणाचा माल असतो. तो महाग आहे, पण नीट वापरला तर तग धरतो. नीट म्हणजे खड्डा चौकोनी कापायचा, सुटं सगळं काढायचं, पाणी उपसायचं, माल थोडा उंच भरायचा आणि दाबायचा. नुसता मुरूम टाकणं हे पॅचवर्क नव्हेच. उन्हात त्याची धूळ होते, पावसात चिखल, आणि शेवटी तो गटारात जाऊन गटार तुंबवतो.

पुरात बुडालेल्या रस्त्याचं काय करायचं?

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशाऱ्यावर आणि ४३ फुटांना धोक्यावर येते. २०१९ आणि २०२१ मध्ये ती त्याच्या कितीतरी वर गेली आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी हे भाग पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर रस्ता वरून बरा दिसतो, आत मात्र स्पंजासारखी ओल असते. गाळ काढणारे डंपर नेमके तेव्हाच त्यावरून धावतात. दुसरा मार्ग असेल तिथं जड वाहनं काही दिवस वळवणं हा फुकटातला उपाय आहे. आणि जे रस्ते पुन्हा बुडणारच आहेत, तिथं डांबराच्या जागी काँक्रिट करण्याला अर्थ आहे.

मग सगळेच रस्ते काँक्रिटचे करून टाका ना!

काँक्रिटचा रस्ता चांगला झाला तर वीस-तीस वर्षं जातो. पण पहिला खर्च बराच जास्त, म्हणजे त्याच पैशात कमी लांबी होते. शिवाय खालच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या वाहिन्या आधी बदलल्या नाहीत, तर गळती काढायला ब्रेकर लावावा लागतो आणि तो पॅच जन्मभर दिसतो. सांध्यांमधलं सीलंट दर काही वर्षांनी भरावं लागतं. ते भरत नाहीत, म्हणून सांध्यातून पाणी जाऊन फरशी हलायला लागते. देखभाल नकोच म्हणून काँक्रिट घ्यायचं, हा हिशेब फसवा आहे.

पेव्हर ब्लॉक बोळात आणि फूटपाथवर ठीक. बसच्या मार्गावर नकोत.

देखभाल म्हणजे नेमकं काय करतात? डांबरीकरण सोडून दुसरं काही असतं का?

असतं, आणि तेच आपल्याकडं कमी होतं. भेगा साफ करून त्यात गरम डांबर किंवा रबरमिश्रित सीलंट भरणं हे सगळ्यात स्वस्त काम. पृष्ठभाग रुक्ष झाला असेल तर सीलकोट, म्हणजे वरून डांबराचा पातळ थर. त्याच्या पुढची पायरी मायक्रोसर्फेसिंग: डांबराचं इमल्शन, बारीक खडी, सिमेंट आणि पाणी यांचा सहा-आठ मिलिमीटरचा थर यंत्रानं पसरतात. दोन-तीन तासांत वाहतूक सुरू करता येते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस या संस्थेची यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, म्हणजे हे काही परदेशी खूळ नव्हे.

फरक किती पडतो ते मालाच्या वजनावरून बघा. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर टाकायचा तर साधारण ६५० टन माल लागतो, त्यात पस्तीसेक टन डांबर. मायक्रोसर्फेसिंगला नव्वद-शंभर टन माल पुरतो. दर वेगळे असतात, त्यामुळं खर्च थेट सातपट कमी होत नाही, पण बराच कमी होतो, आणि रस्त्याची उंची वाढत नाही हा पेठांसाठी मोठा फायदा.

एक अट आहे. हे सगळं पाया धड असलेल्या रस्त्यासाठी. मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा पडल्या असतील तर वरून काहीही चोपडून उपयोग नाही. तिथं उकरून पाया करायलाच लागतो.

यासाठी पैसा येतो कुठून? आम्ही घरफाळा (घरपट्टी) भरतो तो कुठं जातो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणं आणि दुरुस्त ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. कर्तव्याबरोबर पैसा मात्र तेवढा येत नाही. पूर्वी जकात हा रोजचा, हातातला पैसा होता. ती गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचं अनुदान राज्याकडून येतं. घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क हे आपलं उत्पन्न. त्यातून पगार, पेन्शन, पाणी उपशाचं वीजबिल, कचरा आणि दवाखाने भागवल्यावर जे उरतं त्यात रस्ते.

भर अशी की शहराची हद्द १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे. आजूबाजूची गावं फुगली, तिथल्या गाड्या रोज शहरातल्या रस्त्यांवर येतात, घरफाळा मात्र ग्रामपंचायतीत जातो. हद्दवाढीच्या, म्हणजे ही गावं शहरात घेण्याच्या, दोन्ही बाजूंचे मुद्दे माझ्या परिचयाचे आहेत आणि गावांची भीती मला पोकळ वाटत नाही, पण रस्त्यांच्या हिशेबात हे भोक आहेच.

बाकी सगळा निधी बाहेरून येतो: राज्याचं नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी, वित्त आयोग. यातल्या बहुतेक पैशाला एक खोड असते. तो नवीन कामाला मिळतो, जुन्याच्या देखभालीला मिळत नाही. भेगा भरल्याचं उद्घाटन करता येत नाही. फलक कशाचा लावणार? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातही आपल्या आकाराच्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. म्हणून देखभालीचा पैसा महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातूनच यावा लागतो, दरवर्षी, आणि तो दुसरीकडं वळवता येणार नाही अशा वेगळ्या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या वेगळ्या खात्यात).

गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर भरतो. त्यातून रस्ते का होत नाहीत?

एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, पाटी लावताना भरलेला कर राज्याच्या तिजोरीत जातो. इंधनावरचा रस्ते उपकर केंद्राकडं जातो. त्यातलं महापालिकेच्या हातात थेट काही पडत नाही.

टोल तर आम्ही घालवला. मग परत पैशाची रड कशाला?

सुमारे ५० किलोमीटरच्या रस्त्यांचा प्रकल्प, २२० कोटींच्या घरातला, खासगी गुंतवणुकीतून झाला आणि २०१३ मध्ये शहराच्या नाक्यांवर टोल सुरू झाला. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरलं. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. माझ्या मते आंदोलनाचा मूळ मुद्दा रास्त होता: स्वतःच्या गावात शिरायला पैसे, तेही अपुऱ्या आणि वादग्रस्त कामांसाठी. पण टोल गेला म्हणजे खर्च गेला नाही. भरपाईची चारशे कोटींच्या वरची रक्कम राज्य सरकारनं दिली, म्हणजे करदात्यांनीच.

त्या लढ्यात मागं राहिलेला प्रश्न असा: आता या ५० किलोमीटरची देखभाल कोण करणार? ती महापालिकेवर आली आणि तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद कुणी मागितली नाही. टोल नको म्हणायला लाखभर लोक आले. देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं म्हणून मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

कुठला रस्ता आधी करायचा हे कोण ठरवतं?

ज्याचा आवाज मोठा तो, असं उत्तर लोक देतात. असायला हवं ते वेगळं. बऱ्याच देशांतली शहरं प्रत्येक रस्त्याला शून्य ते शंभर गुण देतात. भेगा, खड्डे, चाकोऱ्या आणि खचलेले भाग मोजून हे गुण निघतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजतात. भारतीय रोड काँग्रेसच्या देखभाल संहितेतही रस्त्याच्या स्थितीचं मूल्यमापन दिलेलं आहे. कोल्हापूरच्या आकाराच्या शहराला यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, एक ठरलेला तक्ता आणि मोबाईल एवढ्यावर पहिली फेरी होऊ शकते. गुण संकेतस्थळावर टाकले की आपल्या प्रभागाचा रस्ता यादीत का नाही, हे विचारायला आणि सांगायलाही आधार मिळतो.

आमच्या गल्लीत रस्ता होणार आहे. काम चालू असताना काय बघायचं?

जुना पृष्ठभाग झाडून काढला का, त्यावर डांबराचा पातळ हात मारला का. डंपर ताडपत्री घालून आला का. माल टाकताना वाफ निघते का. रोलर लगेच मागून फिरतो का. मधे उंच आणि कडेला उतरता आहे का: सात मीटरच्या रस्त्यावर मध्य आणि कड यांत सात-आठ सेंटिमीटरचा फरक हवा. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणली का, की त्यांचे खड्डे करून ठेवले. आणि कामाचा फलक लावला आहे का, ज्यावर रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्वाचा कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायची मुदत) लिहिलेला असतो. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. कामगारांशी हुज्जत घालू नका, कनिष्ठ अभियंत्याला बोलवा.

रस्ता वर्षभरात उखडला तर?

दोषदायित्वाच्या कालावधीत दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, त्यासाठी त्याची अनामत अडवून ठेवलेली असते. हा कालावधी संपायच्या आत तक्रार लेखी गेली पाहिजे, फोटो आणि तारखेसह, विभागीय कार्यालयात पोच घेऊन. कालावधी कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि निविदेची अट, मोजमाप पुस्तिका आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनामत परत गेल्यावर केलेली तक्रार म्हणजे पुन्हा आपल्याच घरफाळ्यातून पॅचवर्क.

खड्ड्यामुळं अपघात झाला तर भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला आहे: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळं मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. दावा ठरवायला समिती असते, त्यात महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. खड्ड्याचा फोटो, पोलीस पंचनामा आणि दवाखान्याचे कागद लगेच जमवा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

आम्ही गल्लीतले लोक स्वतः काही करू शकतो का?

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्या बाजूचं गटार मोकळं आहे का बघा, नसेल तर आरोग्य निरीक्षकाच्या मागं लागा. दारातला सिमेंटचा उतार गटारावर आला असेल तर तेवढा फोडा. शेजारी आधी कुरकुर करतील. नळ कनेक्शनसाठी चर मारला तर प्लंबरला मुरमाचे आणि धुमसण्याचे पैसे वेगळे द्या, नाहीतर तो माती लोटून जाणारच. आणि अंदाजपत्रकाच्या आधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, रस्ते देखभालीची गेल्या वर्षी तरतूद किती होती आणि त्यातले खर्च किती झाले, हे दोन आकडे लेखी मागा.